ससाणा, पोपटाचा भाऊबंद

न्यू जर्सीच्या हायवेवरून जाताना दिव्याच्या खांबावर एखादा दांडगा पक्षी बसलेला दिसतो. तांबूस शेपटी, आकड्यासारखी चोच, धारदार नख्या. हा रेड-टेल्ड हॉक, आपल्या शिक्र्याच्या आणि घारीच्या गोतातला. थोडं पुढे, शेताकडेच्या तारेवर साळुंकीएवढा एक पक्षी असतो. त्याचीही चोच तशीच, नख्याही तशाच. हा अमेरिकन केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा. दोघं एकाच घरातले वाटतात ना? पक्षितज्ज्ञांनाही कित्येक पिढ्या तसंच वाटत होतं. म्हणून दोघांना त्यांनी एकाच गणात बसवलं होतं.

गण म्हणजे वर्गीकरणात कुळाच्या वरची पायरी. उत्तर अमेरिकेतले पक्षी अशा वीसहून जास्त गणांत विभागलेले आहेत. गण ओळखायची जुनी रीत सोपी होती: आधी पाय बघा, मग चोच. तीन बोटं पुढे, एक भक्कम बोट मागे आणि फांदीवर घट्ट पकड, तर पक्षी बहुधा चिमणीच्या गणातला. जगातल्या सुमारे अकरा हजार जातींपैकी निम्म्याहून जास्त या एकट्या गणात येतात. बदकांच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पडदा असतो. सुताराची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, शिवाय खोडाला टेकू द्यायला ताठ शेपूट. हमिंगबर्ड आणि पाकोळ्यांचे पाय तर इतके तोकडे, की त्यांच्या गणाच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘बिनपायाचे’ असा होतो.

पण पाय फसवतात. नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात सरडे आणि साप पकडत धावणाऱ्या रोडरनरची बोटंही सुतारासारखी दोन पुढे, दोन मागे. प्रत्यक्षात तो कोकिळेच्या गणातला आहे. आपला भारद्वाजही त्याच गणातला, आणि तोही जमिनीवरच जास्त वावरतो.

लूनची गोष्ट आणखी मजेदार. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून हाच पक्षी आहे, म्हणून तिथले लोक त्या नाण्याला ‘लूनी’ म्हणतात. याचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पाण्याखाली ते उत्तम वल्ही होतात, जमिनीवर मात्र लूनला धड चालताही येत नाही. त्याची बरीचशी हाडं भरीव असतात, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं. ग्रीब, म्हणजे आपल्या तळ्यातल्या टिबुकलीचे अमेरिकन भाऊबंद, अगदी असेच बुड्या मारतात आणि त्यांचेही पाय मागेच. फक्त बोटांमध्ये सलग पडद्याऐवजी प्रत्येक बोटाला पानासारखी वेगळी झालर असते. हे दोघं पूर्वी शेजारी-शेजारी मांडले जात. जनुकांनी मात्र ग्रीबचं सर्वांत जवळचं नातं फ्लेमिंगोशी असल्याचं दाखवलं. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येणारे ते उंच, गुलाबी पक्षी आणि गावतळ्यातली ती ठेंगणी टिबुकली! मला तर आजही हे पटायला जड जातं.

काम सारखं पडलं की अवजारही सारखंच घडतं. झडप घालून शिकार करायची तर वाकडी चोच आणि नख्या हव्यातच, मग पूर्वज कोणीही असोत. 2008 मध्ये 169 जातींच्या पक्ष्यांचे जनुक ताडून पाहिले गेले. त्यात ससाणा घारीपासून लांब आणि पोपट-चिमण्यांच्या जवळ निघाला. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्ये ससाण्यांचा आणि घारी-हॉकचा गण वेगळा केला.

कळल्यावर बघितलं तर फरक डोळ्यांसमोरच होते. हॉक सावज नख्यांच्या पकडीतच मारतो. ससाणा ते पायांत धरतो आणि मानेचा चावा घेऊन संपवतो. त्यासाठी त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा कंगोरा असतो. (खाटीक पक्ष्यालाही असा कंगोरा असतो, पण तो चिमणीच्या गणातला, म्हणजे पुन्हा तीच फसगत.) हॉक काटक्या रचून घरटं बांधतो, ससाणा बांधतच नाही. केस्ट्रेल झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, बहुतेक पोपटांसारखाच.

या फेरमांडणीचा सगळ्यांत जास्त त्रास झाला तो पक्षी बघणाऱ्यांना. जुन्या मार्गदर्शक पुस्तकात ससाणा घारी-गरुडांच्या पानांशेजारी सापडतो. नव्या क्रमाच्या पुस्तकात तिथे शोधाल तर मिळायचा नाही. बरीच पानं उलटा, सुतार ओलांडा, पोपट यायच्या आधी तो भेटेल.