फेकून द्यायच्या टाकीतली गाडी

१८ एप्रिल १९४३ च्या सकाळी पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावरून अमेरिकेची पी-३८ लायटनिंग जातीची १८ लढाऊ विमानं निघाली. जपानी आरमाराचे सेनापती यामामोतो यांचं विमान हवेतच गाठायचं, एवढंच काम होतं. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून समुद्रावरून हजारेक किलोमीटरांचा वळसा घ्यायचा होता आणि विमानांतलं नेहमीचं इंधन त्याला पुरणारं नव्हतं. मग प्रत्येक विमानाखाली दोन जादा टाक्या टांगल्या गेल्या, एक १६५ गॅलनची आणि एक ३१० गॅलनची. एका विमानाचं टायर धावपट्टीवरच फुटलं. दुसऱ्याच्या टाक्यांमधून इंधन येईना, ते परत फिरलं. बाकीची १६ पुढे गेली. यामामोतोंचं काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. आपल्याला त्या दोन टाक्यांचं पुढे काय झालं ते बघायचंय.

या टाक्यांना ड्रॉप टँक म्हणतात, म्हणजे टाकून द्यायची टाकी. आधी हिच्यातलं इंधन वापरायचं, आणि शत्रू दिसला की एक खटका ओढून टाकी सोडून द्यायची. एवढ्या अल्पायुषी वस्तूवर कोण कशाला डोकं खर्च करील? पण करावंच लागलं. टाकीला हवेचा विरोध जास्त झाला, तर तिच्यातलं बरंचसं इंधन तिलाच वाहून नेण्यात संपणार. म्हणून वापरून फेकायच्या त्या पत्र्याला विमानाच्या अंगाइतकाच काळजीपूर्वक आकार दिला गेला.

अमेरिकेच्या तटरक्षक दलातला बिल बर्क हा तरुण युद्धाच्या काळात याच भागात होता. एका तराफ्यावर रचलेल्या या टाक्या त्याच्या नजरेला पडल्या. दुसऱ्या कुणाला ते इंधनाचे डबे वाटले असते. बर्क मूळचा कॅलिफोर्नियाचा, कोरड्या तलावांवर गाड्या पळवणाऱ्यांतला. त्याला टाकीत गाडी दिसली.

कोरडे तलाव म्हणजे मोहावे वाळवंटातली म्युरॉक, एल मिराज अशी ठिकाणं. पाणी आटून गेलेलं, तळाची माती कडक आणि मैलोनमैल सपाट. १९३७ साली तिथल्या हौशी मंडळींनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि घड्याळ लावून वेग मोजायला सुरुवात केली. गाड्या बहुतेक जुन्या फोर्ड. मडगार्ड काढायचे, टप काढायचं, इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, दोनतीन कार्ब्युरेटर चढवायचे. हाच तो हॉट रॉड. १९३२ साली आलेल्या फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची मूळ ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. ती दुपटीनं वाढवणारे गल्लोगल्ली होते. पण पुढे गाडं अडायचं, आणि ते इंजिनामुळे नाही.

अडवायची हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. त्या चौपट विरोधातून तेवढंच अंतर निम्म्या वेळात कापायचं असतं, म्हणून ताकद लागते आठपट. ताशी १०० मैलांवरून २०० वर जायचं, तर आठ इंजिनांचं काम एका इंजिनानं करायला हवं. ताकद ही अशी वेगाच्या घनात वाढते. हॉट रॉडवाल्यांना सूत्र माहीत असो वा नसो, खिसा मात्र दर मोसमात हे सांगत होता.

सूत्राची दुसरी बाजू बर्कच्या कामाची होती. विरोध वेगावर अवलंबून असतो तसाच गाडीच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आणि आकारावरही. आकारामुळे विरोध किती होतो ते सांगणारा आकडा म्हणजे आकार-गुणांक. सपाट गोल चकती वाऱ्यासमोर धरली तर तो १.१ च्या वर जातो. तेवढ्याच व्यासाच्या गुळगुळीत गोळ्याचा साधारण ०.४७. आणि पुढे गोलसर, मागे लांब निमुळतं होत गेलेलं अंग असेल तर ०.०५ च्या आसपास. समोरून बघाल तर तिन्ही सारखीच दिसतात, तरी पहिल्या-शेवटच्यात वीस पटींहून जास्त फरक.

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं, हवा कापायची म्हणजे पुढचं टोक भाल्यासारखं हवं. आवाजाच्या वेगाच्या बऱ्याच खाली तसं नसतं. पुढून हवा सहज बाजूला होते, खरा प्रश्न मागे तिला परत जुळवून आणण्याचा असतो. शेपूट एकदम तुटलं तर हवा अंगापासून सुटते, मागे भोवऱ्यांचा आणि कमी दाबाचा खड्डा तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढत राहतो. म्हणून निमुळतेपणा मागे हवा. ताटात घेण्याआधी बांगडा एकदा आडवा धरून बघा: सगळ्यात जाड भाग डोक्याच्या थोडा मागे, तिथून शेपटीपर्यंत अगदी सावकाश उतार. विमानविद्येचा आद्य अभ्यासक जॉर्ज केली यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट माशाचा घेर जागोजागी मोजून कमी विरोधाचा आकार काढला होता. त्याची आकृती पुढच्या शतकातल्या विमानांच्या पंखांच्या छेदाशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. (या आकाराला पाण्याच्या थेंबाचं नाव का पडलं, कोण जाणे. पावसाचा मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, बनपावासारखा.)

तर युद्ध संपलं, टाक्या भंगारात आल्या आणि बर्कनं एक १६५ गॅलनची टाकी ३५ डॉलरला उचलली. आपल्या हिशेबानं सव्वासहाशे लिटरची, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षाही लहान. १९४६ साली तिच्यात फोर्डचं व्ही-८ इंजिन पुढे बसवलं. मग बर्कला बसायला आत जागाच उरली नाही! तो इंजिनामागे, जवळजवळ टाकीवर स्वार होऊन, अर्धं अंग वाऱ्यात काढून बसला. तरीही गाडी ताशी १३१.९६ मैल, म्हणजे २१२ किलोमीटर धावली. पण माणसाचं धड हा काही मासा नव्हे. एवढा सुरेख आकार मिळवून त्याच्या पाठीवर खांब रोवल्यासारखं ते होतं.

उपाय ग्वादालकनालच्या त्या सकाळी विमानाच्या दुसऱ्या बाजूला लटकत होता. पी-३८ ची मोठी टाकी बाराशे लिटरच्या जवळपास. बर्क तिच्याकडे वळला. चालक पुढे नाकापाशी, इंजिन त्याच्या पाठीमागे, आणि दोघंही पत्र्याच्या आत. या गाड्यांना बेली टँक किंवा लेकस्टर नाव पडलं.

त्यातली सगळ्यात गाजलेली बनवली ॲलेक्स झायडियसनं. हा स्वतः युद्धात हवाई दलात होता. १९४६ साली त्यानं कॅलिफोर्नियात बरबँकला ‘सो-कॅल स्पीड शॉप’ हे सुट्या भागांचं दुकान काढलं. त्याच्या टाकीत डोकावलं तर बऱ्याच नेहमीच्या गोष्टी गायब दिसतील. रेडिएटरचंच घ्या. फोर्डच्या त्या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जायचा, त्यामुळे पाणी तापण्याबद्दल ते आधीच बदनाम. पण रेडिएटर लावायचा तर हवेला आत घ्यायला तोंड पाडावं लागतं, आणि ते तोंड म्हणजे विरोध. शर्यत तर दोनचार मिनिटांची. म्हणून अशा गाड्यांत थंड पाण्याची एक बंद टाकी ठेवतात, ते पाणी इंजिनातून फिरतं, आणि ते उकळायच्या आत गाडी थांबलेली असते. वजनाचंही उलटंच. शर्यतीची गाडी हलकी हवी असं आपण धरून चालतो. इथे धाव घ्यायला मैलभर मोकळी जागा असते, तेव्हा गाडी सावकाश वेग घेत गेली तरी चालतं. चाकं मिठावर घसरून मात्र चालत नाही. मग काही जण मुद्दाम शिशाचे ठोकळे घालतात.

मीठ म्हणजे युटा राज्यातलं बोनव्हिल. १९४९ पासून ही मंडळी ऑगस्टमध्ये तिथे जमू लागली. समुद्रसपाटीपासून साधारण १,२८० मीटर उंची, हवा विरळ. विरोध कमी, पण इंजिनालाही श्वासाला तेवढीच विरळ हवा.

१९५२ साली झायडियसनं तिथे जे केलं ते मला प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखं वाटतं. टाकी एकच, इंजिनं तीन. इंजिनाच्या आकारानुसार शर्यतीचे गट वेगवेगळे असल्यामुळे त्यानं ती आळीपाळीनं बसवली. छोट्या फोर्ड व्ही८-६० वर वेग आला ताशी १४५.३९५ मैल. त्याहून मोठ्या इंजिनावर १८१.०८५. सगळ्यात मोठ्यावर १९८.३४, म्हणजे ३१९ किलोमीटर. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याचं गुणोत्तर १.३६. त्याचा घन अडीच. टायरचं घर्षण सोडून दिलं, तर वेग ३६ टक्क्यांनी वाढवायला ताकद अडीचपट लागली.

मी कागदावर आणखी एक ढोबळ हिशेब करून पाहिला. समजा रोडस्टरच्या, म्हणजे बिनटपाच्या उघड्या गाडीच्या, आकार-गुणांकाचा आणि समोरच्या क्षेत्रफळाचा गुणाकार १ चौरस मीटर आहे आणि चाकांसकट टाकीचा ०.३. बोनव्हिलच्या हवेत १९८ मैलांना रोडस्टरला निव्वळ हवेसाठी ४९० च्या आसपास हॉर्सपॉवर लागतील. टाकीला १५० पुरतील. १९५२ साली घरच्या गॅरेजमध्ये ४९० हॉर्सपॉवर हे स्वप्न होतं.

पण निव्वळ टाकीचा गुणांक इतका कमी असताना मी ०.३ का धरलं? चाकांमुळे. नियमच तसा आहे: लेकस्टरची चारही चाकं उघडी हवीत, झाकली की गाडी स्ट्रीमलायनर या वेगळ्या गटात जाते. आणि उघडं चाक फार वाईट असतं. ते जिथे जमिनीला टेकतं तिथे क्षणभर स्थिर असतं, आणि त्याचा वरचा काठ गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. झायडियसच्या टायरचा माथा ताशी ६३८ किलोमीटरनं हवेत घुसत होता. शिवाय टाकीतून बाहेर आलेला ॲक्सलचा नळ. साध्या गोल नळाला होणारा विरोध हा त्याच्या दहापट जाडीच्या, पण माशासारखा छेद असलेल्या दांड्याएवढा असतो. विमानाच्या अभियंत्यांनी टाकी तासली तेव्हा तिला चाकं नव्हती, खाली जमीनही नव्हती.

झायडियसला २०० चा आकडा १.६६ मैलांनी हुकला. घनाच्या हिशेबानं ताकद अडीच टक्के कमी पडली. ती इंजिनातून काढता आली असती, किंवा त्या चार चाकांपाशी वाचवता आली असती.