स्लॉट कार ट्यूनिंग

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत नाकाखालची पट्टी, म्हणजे गाइड, अडकवून पळणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यातून साधारण 12 व्होल्ट डीसी गाइडला लावलेल्या तांब्याच्या विणलेल्या ब्रेडमार्गे मोटरपर्यंत पोचतो, आणि कंट्रोलरचा ट्रिगर जेवढा दाबाल तेवढी गाडी पळते. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं वेगळं बटण नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं, पण नवी गाडी पहिल्याच वळणावर खाचेतून उडून सोफ्याखाली जाते तेव्हा ट्यूनिंगची गरज कळते.

हे खेळणं 1957 मध्ये ब्रिटनच्या फ्रेड फ्रान्सिसने हॅरोगेटच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक नावाने आणलं. पुढे जर्मनीची कॅरेरा, इटलीच्या स्लॉट इट आणि एनएसआर वगैरे कंपन्या आल्या. घरी सगळ्यात जास्त चालतो तो 1:32 स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी गाडी, त्यातली गाडी भरते साधारण 70 ते 90 ग्रॅम.

बहुतेक घरगुती गाड्यांच्या पोटाला चुंबक असतो, तो स्टीलच्या पट्टीकडे ओढला जातो आणि गाडी ट्रॅकला चिकटून पळते. नवशिक्याला बरं, पण मजा निम्मी होते कारण गाडी घसरतच नाही, आणि उडते तेव्हा काही इशारा न देता एकदम उडते. एमडीएफच्या लाकडी ट्रॅकवर तांब्याची टेप असते, तांब्यावर चुंबक चालतच नाही. म्हणून खरं ट्यूनिंग चुंबक काढल्यावर सुरू होतं.

लोक आधी मोटर बदलतात आणि तिथेच फसतात, कारण जास्त ताकद आली की वळणावर गाडी अजून लवकर उडते. आधी बघायचे मागचे टायर. कंपनीतून आलेला टायर क्वचितच पूर्ण गोल असतो, शिवाय रिमवर सैल बसलेला असतो. तो रिमला गोंदाने चिकटवायचा, सुकू द्यायचा, मग ट्रॅकच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून त्यावर मागची चाकं अलगद टेकवायची आणि मोटर अर्ध्याच वेगात फिरवायची. आधी खरखरीत पेपर, नंतर 400 नंबरचा बारीक, मध्ये मध्ये थांबत, नाहीतर मोटर तापते. पूर्ण रुंदीला एकसारखा काळा भुगा यायला लागला की टायर गोल झाला समजायचं. बाहेरची कड किंचित गोलवायची म्हणजे ती वळणावर रुतत नाही आणि गाडी कलंडत नाही. हे रबराच्या टायरला, सिलिकॉनचे टायर असे घासले जात नाहीत.

पुढच्या चाकांचं उलटं आहे, त्यांना पकड नकोच असते. ती ट्रॅकला जेमतेम टेकली पाहिजेत, वजन गाइडवर आणि मागच्या चाकांवर. चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा, सहज निघाली तर ठीक. पुढच्या टायरवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारतात तो त्यासाठीच, रबर गुळगुळीत आणि कडक होतं. गाइड मात्र पूर्ण खोल बसलं पाहिजे आणि मोकळं वळलं पाहिजे. ब्रेड फार ताठ वाकवलेली असेल तर ती स्प्रिंगसारखी नाक वर उचलते, मग ती चपटी करून फक्त टोकं थोडी पिंजायची.

यानंतर बॉडी. बॉडीचे स्क्रू घट्ट आवळायचे आणि अर्धा ते एक फेरा उलटे फिरवायचे, बॉडी हलवली तर किंचित खुळखुळली पाहिजे. चेसिसची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, थरथर बॉडीपर्यंत पोचली नाही की मागची चाकं ट्रॅक सोडत नाहीत, फुकटात होणारा एवढा मोठा फरक दुसरा नाही. तरी नाक उचलत असेल तर गाइडच्या मागे, अगदी खाली, थोडे ग्रॅम शिसं चिकटवतात. मासेमारीच्या सामानात मिळणारं शिसं ठोकून पातळ करून चालतं, फक्त नंतर हात धुवा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा.

गिअरचा हिशोब सोपा आहे, मोटरवरच्या पिनियनला, म्हणजे छोट्या गिअरला, 9 दात आणि ॲक्सलवरच्या क्राउनला, म्हणजे मोठ्या गिअरला, 27 असतील तर रेशो 3:1. मुंबईत हॉलच्या फरशीवर मांडलेल्या ट्रॅकला लांब सरळ भाग मिळतच नाही, तिथे 28 किंवा 29 दातांचा क्राउन बरा, गाडी वळणातून पटकन उचलते आणि ट्रिगर सोडल्यावर लवकर मंदावते. ॲक्सल ज्यात फिरतो त्या बुशला टाचणीच्या टोकाने तेलाचा एकच थेंब, जास्तीचं तेल टायरवर उडतं.

इथल्या हवेचाही त्रास आहे. पावसाळ्यात स्टीलच्या पट्ट्यांना गंज धरतो, मग गाडी झटके देत पळते आणि लोक मोटरला शिव्या घालतात. पट्ट्या खोडरबराने घासून कोरड्या कापडाने पुसल्या तर काम होतं. कॅरेराच्या पट्ट्या स्टेनलेस असल्याने तिथे हा वैताग कमी. धुळीवर उपाय म्हणजे पॅकिंग टेप उलटी धरून टायर तिच्यावर फिरवणं, दर थोड्या फेऱ्यांनी. बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू), ॲलन की नागदेवी स्ट्रीटला शोधायच्या आणि वायर, रेझिस्टर लॅमिंग्टन रोडला. गाइडची वायर मऊ सिलिकॉनचीच घ्या, जाड वायर गाइडला वळू देत नाही.

बदल एका वेळी एकच करायचा, घड्याळ लावून फेऱ्या मारायच्या आणि ट्रॅकच्या दोन्ही लेनमध्ये, म्हणजे दोन्ही खाचांत, कारण आतल्या लेनचं वळण जास्त आवळ असतं आणि बाहेरच्या लेनवर मस्त पळणारी गाडी तिथे आपटते.