सांधा गळतो की फरशी पाझरते?

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून "तुमच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल आली आहे" असे सांगितले, की नाशिकच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये पुढचा प्रकार ठरलेला असतो. ज्या कारागिराला आधी बोलवावे, त्याचेच काम निघते. प्लंबरला सांडपाण्याच्या पाइपचा सांधा गळताना दिसतो, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला फरशीखालचा थर फुटलेला दिसतो. दोन्ही दोष खरे असतात, पण ते निरनिराळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. इंदिरानगरच्या जुन्या फ्लॅटमध्ये मी स्वतः सगळी फरशी उखडून नवी बसवून घेतली आणि तिसऱ्या महिन्यात खालचा डाग होता तिथेच परत आला, कारण नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचे पाणी पाइपमध्ये नेणारे भांडे, आणि पाइप यांच्यामधला सांधा उघडून पाहावा असे कोणालाही सुचले नव्हते.

फरशी पाझरणे सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. टाइल्सच्या फटींमधले ग्राउट झिजते, पाणी खाली उतरते, वॉटरप्रूफिंगचा थर जिथे तुटला असेल तिथून ते स्लॅबमध्ये शिरते. नळाची लाइन गळत असेल तर तेही चटकन कळते. त्या लाइनमध्ये पाण्याचा दाब कायम असल्यामुळे बाथरूम वापरा किंवा वापरू नका, गळती चालूच राहते आणि टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवला की कमी होऊ लागते. वास येतो म्हणजे सांडपाणीच, असे निदान करणाऱ्यांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. फरशीखाली आठवडाभर साचलेले स्वच्छ पाणीही कुबट वास मारते.

खरी गफलत होते ती वेळेच्या हिशेबात. सांडपाण्याच्या पाइपमध्ये दाब नसतो. पाणी उताराने, पाइपच्या तळालगत वाहते, म्हणून आंघोळ चालू असेल तेव्हाच सांधा गळायला हवा, असे तर्काने कोणीही म्हणेल. तो गळतोही तेव्हाच, पण खालच्या छताला ते तेव्हाच दिसत नाही. अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा फूटभर किंवा त्याहूनही खाली घेतलेला असतो, त्याला आपल्याकडे संकन म्हणतात, आणि त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव केलेला असतो. हा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. सोमवारी गळलेले पाणी बुधवारी ठिबकते आणि घर चार दिवस बंद ठेवले तरी ठिबकणे थांबत नाही, तेव्हा "वापर नसतानाही गळते, म्हणजे पाइप नाहीच" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. याच्या उलटही घडते. सांध्याच्या वरच्या अर्ध्या भागात फट असेल तर एरवी थेंबही गळत नाही, मात्र पाइप केसांनी तुंबला आणि पाणी चढले की गळती सुरू होते, आणि पाइप साफ केल्यावर ती आपोआप बंद झाल्यासारखी वाटते.

म्हणून परीक्षा दोन करायच्या आणि त्या दोन्हींच्या मध्ये भराव सुकायला वेळ द्यायचा. एकाच दिवशी दोन्ही उरकणारा कारागीर मला चालत नाही. आधी ठिबकणे थांबेपर्यंत बाथरूम बंद ठेवावे. मग फरशीला एक थेंबही न लागू देता नळीने थेट ट्रॅपमध्ये बादल्यांनी पाणी सोडावे. त्यात खाण्याचा हिरवा रंग मिसळावा, कारण लाल किंवा जिलेबीचा केशरी रंग विटेच्या रंगात ओळखू येत नाही. दोन-तीन दिवसांत खाली ओल वाढली तर सांधा दोषी. तसे झाले नाही, तर ट्रॅपचे तोंड बुच मारून बंद करावे आणि फरशीवर इंच-दीड इंच पाणी 24 तास उभे ठेवावे.

या दुसऱ्या परीक्षेत एक खोच आहे. जाळीच्या कडेला, म्हणजे ट्रॅपची वरची कड आणि टाइल जिथे भेटतात तिथे, अनेकदा भेग असते आणि पाणी ट्रॅपमध्ये न जाता त्याच्या बाहेरून खाली उतरते. या जागेला प्लंबर फरशीचे काम म्हणतो आणि फरशीवाला प्लंबरचे. जाळीभोवती मळलेल्या मातीची पाळ घालून पाणी पाळीच्या बाहेर उभे करावे. तेव्हा गळले नाही आणि पाळ काढल्यावर गळले, तर दोष त्या कडेचा, आणि तेवढीच जागा फोडून भागते.

दोष सांध्याचाच निघाला, तर दुरुस्तीबाबत माझे मत ठाम आहे. बाहेरून एम-सीलसारखी पुट्टी थापणे ही फार तर पाहुणे जाईपर्यंतची सोय आहे. प्लंबर ज्याला सोल्युशन म्हणतात ते काही डिंक नव्हे. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून पाइप आणि फिटिंग एकजीव करते, म्हणून ते कोरड्या, पुसलेल्या पृष्ठभागावर, सांधा जोडण्यापूर्वीच लावावे लागते. जोडलेल्या ओल्या सांध्यावर बाहेरून ते कितीही चोपडले तरी आत जात नाही. सांध्यासह तेवढा तुकडा कापून नवीन तुकडा आणि कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारे फिटिंग, घालावे. पाइप आयएस 13592 या भारतीय मानकाचा, त्यातही टाइप बी घ्यावा. टाइप ए पातळ असतो आणि पावसाच्या पाण्यासाठी ठीक आहे. रबर रिंगचा सांधा असेल तर पाइपच्या टोकाला उतरती धार करून साबणाचे पाणी लावावे, नाहीतर रिंग आत दुमडते आणि नवा सांधा पहिल्याच दिवशी गळतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत सोल्युशन सावकाश वाळते, त्यामुळे त्या दिवसांत बाथरूम दुसऱ्या दिवशी वापरायला घ्यावे, आणि टाइल्स त्याआधी बसवू देऊ नयेत. आधी उघड्या सांध्यावर पाणी सोडून तो हाताने चाचपून पाहावा.