संगणक कॅबिनेटमधील वायुवीजन

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बाहेरची हवा आत घेणे, ती तापणाऱ्या भागांवरून नेणे आणि गरम झाल्यावर बाहेर टाकणे, या व्यवस्थेला कॅबिनेटचे वायुवीजन म्हणतात. संगणक जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. कॅबिनेट ती नाहीशी करू शकत नाही, फक्त साचू न देता बाहेर घालवू शकते. म्हणून पंखे कितीही लावले तरी आतल्या हवेचे तापमान खोलीतल्या तापमानाच्या खाली जात नाही. वायुवीजन चांगले की वाईट हे ठरवायचे ते आतली हवा खोलीपेक्षा किती अंश जास्त तापते यावरून.

तत्त्व : एक घनमीटर हवा १° से. ने तापायला साधारण १.२ किलोजूल उष्णता लागते. संगणक ४०० वॅट उष्णता सोडत असेल आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १०° से. नेच जास्त गरम असावी अशी अपेक्षा असेल, तर सेकंदाला सुमारे ३३ लिटर, म्हणजे मिनिटाला ७० घनफूट हवा कॅबिनेटमधून गेली पाहिजे. हीच वाढ ५ अंशांवर आणायची तर हवा दुप्पट, १४० घनफूट लागते आणि अडीच अंशांवर आणायची तर चौपट. पहिल्या दोन-तीन पंख्यांनी मोठा फरक पडतो आणि पुढच्या पंख्यांचा उपयोग झपाट्याने कमी होत जातो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

पंख्याच्या खोक्यावर छापलेला प्रवाह हा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर, रेडिएटर (पाणी थंड करणारी धातूची जाळीदार चौकट) किंवा अरुंद फट समोर आली की तो घटतो, अनेकदा निम्म्यावर येतो. अडथळ्यातून हवा रेटण्याच्या क्षमतेला स्थिर दाब म्हणतात आणि तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका, मोजतात. साधारण १२० मिमी. पंख्याचा कमाल स्थिर दाब १ ते २ मिमी. असतो. ‘गरम हवा वर जाते, म्हणून पंखे वरच हवेत’ हा समज याच मापाने तपासता येतो. अर्धा मीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये आतली हवा १० अंशांनी जास्त गरम असली, तर तिच्या हलकेपणामुळे निर्माण होणारा दाब सुमारे ०.०२ मिमी. भरतो. पंख्याच्या दाबापुढे तो नगण्य आहे. पंखे चालू असताना हवेची दिशा पंखेच ठरवतात.

इतिहास : १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) ६३.५ वॅटचा होता आणि संपूर्ण यंत्रातला एकमेव पंखा त्याच्यातच होता. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरवर, म्हणजे गणना करणाऱ्या मुख्य चिपवर, हीटसिंकसुद्धा (उष्णता पसरवणारा धातूच्या पत्र्यांचा ठोकळा) नव्हता. १९९५ मध्ये इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीने एटीएक्स ही कॅबिनेटमधल्या भागांची प्रमाण मांडणी जाहीर केली. तिच्या मूळ कल्पनेत पॉवर सप्लायचा पंखा बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडणार होता. पण ती हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच पॉवर सप्लायमधून तापून येई. पुढे दिशा उलटी झाली आणि पॉवर सप्लाय गरम हवा मागे फेकू लागला.

इंटेलच्या पेंटियम ४ या प्रोसेसरच्या २००४ मधल्या प्रेस्कॉट पिढीत उष्णता ११५ वॅटपर्यंत गेली, तेव्हा कॅबिनेटकडे गांभीर्याने पाहणे भाग पडले. त्या काळातल्या अनेक कॅबिनेटांच्या बाजूच्या पत्र्यावर प्रोसेसरच्या बरोबर समोर नळकांडे दिसते. बाहेरची ताजी हवा थेट प्रोसेसरच्या पंख्याला मिळावी यासाठी इंटेलने केलेली ती शिफारस होती. इंटेलची बीटीएक्स मांडणी याहून मूलगामी होती. तिच्यात पुढच्या बाजूने शिरलेली हवा आधी प्रोसेसरला भेटून सरळ रेषेत मागे जाई. मात्र २००६ मध्ये इंटेलने तिचा पुढचा विकास थांबवला. २००३ च्या ॲपल पॉवर मॅक जी ५ मध्ये आतल्या जागेचे चार स्वतंत्र उष्णता-कप्पे करून नऊ पंखे वेगवेगळ्या गतीने चालवले होते. त्याचा सच्छिद्र ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग शोभेचा नव्हता, हवा आत येण्याची ती वाटच होती. याच दशकात हार्ड डिस्क जोडणाऱ्या आयडीईच्या रुंद पट्ट्या जाऊन साटाच्या बारीक केबली आल्या आणि हवेच्या वाटेतला एक ठळक अडथळा गेला. आता केबली मदरबोर्डच्या (सगळे भाग जोडलेल्या मुख्य सर्किट-पाटीच्या) मागच्या पोकळीतून नेतात, त्यामुळे त्या नीट बांधल्याने तापमान फारसे बदलत नाही. साफसफाईला मात्र नक्कीच सोपे जाते.

हवेची वाट : आजच्या टॉवर कॅबिनेटमधली रूढ मांडणी अशी की पुढून आणि तळातून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. समोर दोन किंवा तीन व मागे एक पंखा एवढ्यावर बहुतेक संगणक व्यवस्थित चालतात. वरच्या पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा लावणे बहुधा तोट्याचे ठरते, कारण नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो ओढून बाहेर टाकतो.

पंखे किती, यापेक्षा हवेला वाट किती मोकळी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समोर अखंड काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमध्ये तीन रोषणाईचे पंखे बसवूनही ते हवेसाठी तडफडत राहतात. त्याच जागी बारीक जाळी असेल तर दोन साधे पंखे पुरतात. एका झटपट चाचणीने हे कळते. संगणकावर अर्धा तास जड काम चालू ठेवून तापमान नोंदवावे, मग बाजूचा पत्रा काढून पुन्हा नोंदवावे. एक-दोन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट ठीक आहे. दहा अंश उतरले तर हवेची वाट कोंडलेली आहे आणि तिथे आणखी पंखे विकत घेण्यात अर्थ नाही. हवा कुठून शिरते आणि कुठून निघते हे पाहायला पेटवलेली अगरबत्ती उत्तम. ती बंद कॅबिनेटच्या कडेकडेने, जाळीपासून चार बोटे दूर, राख आत जाणार नाही अशा बेताने फिरवावी. धूर मागच्या मोकळ्या स्लॉटांमधून (कार्डांसाठीच्या खाचांमधून) आत ओढला जात असेल, तर मागून बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत येते आहे असे समजावे.

आत येणारी हवा बाहेर काढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की कॅबिनेटमध्ये धन दाब राहतो. अशा वेळी प्रत्येक फटीतून हवा बाहेरच जाते आणि धूळ फक्त फिल्टरवर जमते. ऋण दाबात नेमके उलटे होते. तापमानात या दोहोंचा फरक लहान असतो, धुळीत मोठा. आपल्याकडच्या धुळीचा विचार करता धन दाबच निवडावा.

पडद्यावरची चित्रे तयार करणारे ग्राफिक्स कार्ड हा आता कॅबिनेटमधला सर्वांत मोठा उष्णतास्रोत आहे. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट आहे आणि ती जवळपास सगळी उष्णता कार्डाचे पंखे कॅबिनेटच्या आतच सोडतात. म्हणून समोरचा एक पंखा कार्डाच्या पातळीवर किंवा त्याच्या खाली असणे फायद्याचे. कार्ड उभे करून काचेला चिकटवले की दिसते छान, पण त्याच्या पंख्यांना हवाच मिळत नाही. प्रोसेसर पाण्याने थंड करणाऱ्या बंद संचाचा रेडिएटर समोर बसवला तर प्रोसेसरला खोलीतली हवा मिळते आणि कार्डाला तापलेली. वर बसवला तर याच्या उलट. खेळांसाठीच्या संगणकात वर बसवणे अधिक बरे.

आवाज : पंख्याची गती निम्मी केली तर प्रवाह निम्मा होतो, पण दाब एक चतुर्थांश आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठ्या आकाराचे दोन-तीन पंखे सावकाश चालवणे केव्हाही चांगले. चार पिनांच्या पंख्याची गती मदरबोर्ड तापमानानुसार बदलतो. हे गणित बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) स्वतः बसवता येते आणि बहुतेक घरांत ते कधीच कोणी उघडून पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हवामान व जागा : पंखे व भार तेच ठेवले तर खोली जितक्या अंशांनी तापते साधारण तितक्याच अंशांनी चिपही तापते. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीतले तापमान ४०° से. असताना कॅबिनेटमधली हवा ५० अंशांवर जाते आणि आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंश जास्त तापणारा प्रोसेसर ९५ अंशांवर पोचतो. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशच आहे. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची १०० आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो. यंत्र जळत नाही, पण मंदावते. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे आयुष्य मात्र दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, म्हणून तापमान नुसते मर्यादेच्या आत असणे पुरेसे नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खोलीची हवा उतरवतो, त्याचा संगणकालाही लाभ होतो. तापलेल्या भागांवर त्या हवेतले बाष्प साचत नाही. पण कूलरच्या अगदी तोंडाशी कॅबिनेट ठेवले तर पाण्याचे बारीक तुषार आत जातात आणि त्यातले क्षार मदरबोर्डवर उरतात. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खारट दमट हवेने जोडण्या गंजतात. तिथे संगणक नियमित चालू ठेवल्याने आतला भाग कोरडा राहतो.

शाळा-कार्यालयांतल्या संगणक-टेबलांमध्ये कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद, कधी दार असलेला कप्पा असतो. तो वायुवीजनाचा मोठा शत्रू आहे. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात फिरून पुन्हा पुढून आत जाते. एकाच खिडकीच्या खोलीत टेबलफॅन लावल्यासारखा हा प्रकार होतो. कप्प्याची मागची फळी काढून टाकणे हा फुकटचा आणि बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. भिंत आणि कॅबिनेटची मागची बाजू यांत निदान वीतभर अंतर ठेवावे. कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नये, कारण पॉवर सप्लाय तळातून हवा घेत असेल तर त्याचे तोंडच बंद होते.

स्वच्छता : फिल्टर पंधरा दिवसांनी झटकावेत. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तेलकट धूळ चिकटते. तिथे ते साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत लावावेत. ब्लोअरने हीटसिंक साफ करताना संगणक बंद करून वायर काढावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या गतीच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग खराब होते. टॉवर हीटसिंकवर पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. तो बाहेरून दिसत नाही. पंखा क्लिपांतून सोडवून बाजूला केला तरच हाती लागतो.