धुरीची काळी तंबाखू : पाइपमधील चव आणि तुलना

लाकडाच्या धुरात आठवडेच्या आठवडे वाळवलेल्या, जाड पानाच्या काळसर तंबाखूला व्यापारात ‘डार्क-फायर्ड’ म्हणतात. पाइपच्या तंबाखूच्या डब्यावर मात्र पुष्कळदा नुसते ‘केंटकी’ एवढेच छापलेले असते. अमेरिकेतील केंटकी राज्याचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला टेनेसीचा पट्टा हे या पानाचे माहेर. हॉपकिन्सव्हिल, क्लार्क्सव्हिल, स्प्रिंगफील्ड या त्याच्या जुन्या पेठा. व्हर्जिनिया राज्यात, तसेच मलावी, टांझानिया आणि इटलीतही हे पान पिकते. पाइप ओढणारे तिला ‘कडक’ म्हणतात. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: धुरीने आलेला वास-ठसका आणि पानातले निकोटीन. पहिली नाकाला आणि टाळूला कळते, दुसरी डोक्याला आणि पोटाला. या दोन सुट्या केल्याशिवाय दोन तंबाखूंची तुलना करण्यात अर्थ नाही.

धुरीची पद्धत. झाड मुळाशी कापतात, काठ्यांना ओवतात आणि उंच लाकडी कोठारात थरांवर थर टांगतात. आधी काही दिवस पान नुसते पिवळे पडू देतात. मग खालच्या जमिनीवर हिकरी, ओक अशा कठीण लाकडाच्या फळ्या रचून त्यांवर ओला भुसा पसरतात आणि विस्तव घालतात. ज्वाळा उठू द्यायची नाही, नुसते धुमसत ठेवायचे, ही यातली कसोटी. ज्वाळा वर गेली तर पिकासकट कोठार जाते. हंगामात या भागातून जाणाऱ्या नवख्या माणसाला कोठारांच्या छपरांतून, फटींतून निघणारा धूर पाहून आग लागल्यासारखेच वाटते. धुरी संपते तेव्हा पान गडद तपकिरी, तेलकट झालेले असते आणि हातात घेतले की बोटांना वास लागतो.

हे पान काळे म्हणून त्या प्रदेशालाच ‘ब्लॅक पॅच’ नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्यूक यांच्या अमेरिकन टोबॅको कंपनीने भाव पाडल्यावर शेतकऱ्यांनी 1904 मध्ये केंटकीतील गथ्री येथे संघ स्थापला. पुढे ‘नाइट रायडर्स’ म्हणवणाऱ्या टोळ्यांनी डिसेंबर 1906 मध्ये त्याच राज्यातील प्रिन्स्टन आणि डिसेंबर 1907 मध्ये हॉपकिन्सव्हिल येथील गोदामे जाळली. कंपनीची मक्तेदारी 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडली.

कडकपणा येतो कुठून. बंदिस्त कोठारात गरम हवेने सुकवलेल्या पिवळ्या व्हर्जिनिया पानात साखर भरपूर राहते, म्हणून तिचा धूर आम्लाकडे झुकतो. धुरीच्या पानात साखर फार थोडी उरते, निकोटीन जास्त असते आणि धूर अल्कलीकडे झुकतो. अल्कली धुरातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातून चटकन रक्तात उतरते. धूर छातीत घ्यावाही लागत नाही. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावतात तो याचसाठी: चुन्याने अल्कली वाढते आणि बार ‘चढतो’. निपाणीकडची विडीची तंबाखू उन्हात सुकते, तिच्यात धुरीचा वास नसतो. पण म्हणून ती सौम्य नसते. वास आणि जोर वेगळे, ते इथेही दिसते.

लटाकिया आणि केंटकी. नवखे ओढणारे या दोघींत नेहमी गल्लत करतात, कारण दोन्ही धुरात वाळवलेल्या. लटाकिया ही सिरियात व पुढे सायप्रसमध्ये तयार झालेली, छोट्या ओरिएंटल पानाची. तिला सुगंधी झाडोऱ्याची धुरी असते, तिचा वास धूप-उदाकडे जातो आणि निकोटीन माफक असते. केंटकीचा वास चुलीचा आहे: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची करपलेली साल, धूर लागलेले दूध, ओले चामडे, काळी मिरी, मागून शिरक्यासारखी आंबूस धार. लटाकियाचे मिश्रण वासाला दांडगे असूनही अंगाला हलके असू शकते. केंटकीच्या बाबतीत तसे गृहीत धरून पाइपची मोठी वाटी भरली की फसगत होते.

चव घेण्याची रीत. तुलनेसाठी एकाच मापाच्या लहान वाटीचे पाइप घ्यावेत. नेहमीचे पाइप ज्याचे करतात त्या ब्रायर लाकडाला हा वास पक्का धरतो आणि पुढच्या तंबाखूत उतरतो, म्हणून मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप किंवा मातीचा पाइप बरा. पोट भरलेले असावे. फ्लेक, म्हणजे दाबून पातळ कापलेली तंबाखू, असेल तर चकती बोटांनी चुरून कागदावर पसरावी आणि दमटपणा जाऊ द्यावा. इंग्लंडमधील केंडलकडची तंबाखू डब्यातून फार ओली निघते आणि ओलीच पेटवली तर वाफेपलीकडे काही कळत नाही. दोर, म्हणजे पाने पिळून दोरासारखी वळलेली तंबाखू, असेल तर धारदार सुरीने नाण्यासारख्या पातळ चकत्या कापाव्यात; कापलेल्या तोंडावर आतल्या पानांची वेटोळी स्पष्ट दिसतात आणि ताजा वासही तिथेच येतो. झुरके लहान, सावकाश. थोडा धूर नाकावाटे सोडला तर मिरीचा तिखटपणा आणि लाकडाचा वास सुटे होतात. जिभेवर ते एकत्रच राहतात.

निकोटीन उशिरा कळते, ही यातली खरी मेख. पहिल्या पाच मिनिटांत सौम्य वाटलेली तंबाखू अर्धी वाटी संपता संपता ‘लागते’: आधी उचकी, मग कपाळावर गार घाम, मळमळ. उचकी लागताच पाइप खाली ठेवावा. एका बैठकीत दोन कडक तंबाखू तपासू नयेत. दुसरीबद्दलचे मत पहिलीने बिघडवलेले असते. एक आज, दुसरी उद्या त्याच वेळी, हीच प्रामाणिक तुलना.

काही नमुने. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील केंडल गावात तंबाखूचा धंदा 1792 पासून चालत आला आहे. तिथल्या गाविथ-हॉगार्थच्या ‘ब्राउन आयरिश एक्स’ या दोरात जवळजवळ नुसते पानच बोलते. काळा दोर तोच माल गरम दाबाखाली शिजवून काळा केलेला. त्याची चव गोलसर होते, वरचा तिखटपणा दबतो, जोर मात्र उरतो. हे दोर खाणकामगारांच्या काळापासूनचे आहेत. कोळशाच्या खाणीत विस्तव नेता येत नसे, म्हणून तिथे तंबाखू चघळत. केंडलच्याच सॅम्युएल गाविथच्या ‘1792 फ्लेक’मध्ये टांझानियाचे धुरीचे पान आहे, पण वरून टोंका बियांचा बदाम-व्हॅनिलासारखा गंध दिलेला. त्यामुळे ही फ्लेक चविष्ट असली तरी पान ओळखायला शिकण्यासाठी निरुपयोगी.

डेन्मार्कच्या मॅक बॅरनची ‘एचएच ओल्ड डार्क फायर्ड’ उलट वाटेने जाते. केंटकीला व्हर्जिनिया आणि बर्ली (हवेवर वाळवलेले पान) यांची जोड देऊन गरम दाबाखाली वडी केलेली असल्याने धूर, आंबूसपणा आणि गोडी एकाच झुरक्यात ओळीने कळतात. सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी. पीटरसनची ‘आयरिश फ्लेक’ तिच्यापेक्षा मातकट आणि अंगाला जड. अमेरिकेतील जी. एल. पीज यांच्या ‘जॅकनाइफ प्लग’मध्ये केंटकी आणि पिकलेले लाल व्हर्जिनिया यांच्यामध्ये पिवळ्या पानाचा थर असतो. ती वडी जाड कापली तर मंद जळते, धूर पुढे येतो. पातळ कापली तर गोडी पुढे येते. तंबाखू एक, सुरी वेगळी धरली की चव वेगळी. म्हणून अभिप्राय लिहिताना काप, दमटपणा आणि वाटीचे माप लिहिलेच पाहिजे.

अपाय. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका राहतो, फुप्फुसाचाही. धुरीच्या पानाचे एक जास्तीचे दुखणे आहे. लाकडाच्या धुरातले बेंझोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ पानावर बसतात, आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे पानात नायट्रोसअमाइने ही तशीच घातक द्रव्ये वाढतात. ज्या वासासाठी ही तंबाखू घेतात तो याच धुरातून आलेला आहे, हे चव घेणाऱ्याने जाणूनच असावे.

मिश्रणाविना हे पान कसे लागते ते पाहायचे तर इटलीचा ‘टोस्कानो’ सिगार आहे. त्यात पूर्ण केंटकी पानच असते, ते भिजवून आंबवलेले. आणि तिथे तो मधोमध कापून अर्धाच ओढण्याची जुनी चाल आहे. पाइपच्या मिश्रणात व्हर्जिनियाची गोडी कुठे संपते आणि केंटकी कुठे सुरू होते, हे ज्यांना चटकन सांगता येते त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी हा अर्धा सिगार ओढलेला असतो.