कारखाना उभारण्याआधी प्रदूषण मंडळाची संमती: अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

जालन्याची रोलिंग मिल असो, लातूरची डाळमिल असो की गावाबाहेरचं स्टोन क्रशर, सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "शेड झालंय, मशिनरी आलीय, आता कन्सेंट काढायची आहे, किती दिवस लागतील?" खरं तर हा प्रश्न शेडच्या आधी पडायला हवा होता. 1974 च्या जल कायद्याचं कलम 25 म्हणतं की सांडपाणी सोडू शकेल असा उद्योग उभारण्याच्या दिशेने पाऊल टाकायचं असेल, तर मंडळाची पूर्वसंमती, म्हणजेच कन्सेंट, लागते. धूर-धुळीसाठी हाच नियम 1981 च्या वायू कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. म्हणून टप्पे दोन. बांधकामाआधी स्थापनेची संमती, उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची संमती. पहिली हातात आहे म्हणून मशीन सुरू करता येत नाही.

संमती कोणाला लागते, हे मालकावर नाही, कामावर ठरतं. एकट्याचा धंदा, भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, सगळ्यांना नियम सारखाच. शेड भाड्याचं असेल तर अर्ज चालवणाऱ्याच्या नावावर करायचा, जागामालकाच्या नव्हे. प्रदूषणाच्या शक्यतेनुसार उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे गट केलेले आहेत. साखर कारखाना आणि डिस्टिलरी लाल गटात, स्टोन क्रशर नारिंगीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या वर्गीकरणात डाळमिल हिरव्या गटात होती. वर्गीकरण 2025 मध्ये सुधारलं आहे, त्यामुळे जुन्या कागदावर विसंबू नका, ताजी यादी उघडून आपला उद्योग शोधा. दिवसाला 5000 टन किंवा त्याहून जास्त गाळपाचा साखर कारखाना असेल, तर पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाबद्दलच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही लागते. ती प्रक्रिया वेगळी आणि लांबलचक आहे.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. उद्योगाचा गट आणि भांडवली गुंतवणूक पाहून फाइल उपप्रादेशिक कार्यालयात, प्रादेशिक कार्यालयात की मुंबईला निकाली निघेल ते ठरतं. मराठवाड्यात प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. जालना, परभणी, नांदेड, लातूर इथे उपप्रादेशिक कार्यालयं आहेत.

कागदांत जागेचा पुरावा आधी. एमआयडीसीत असाल तर वाटपपत्र किंवा भाडेपट्टा, बाहेर असाल तर सातबारा आणि अकृषिक वापराचा आदेश, भाड्याची जागा असेल तर करार. सोबत जागेचा नकाशा, आतल्या मांडणीचा आराखडा, कच्च्या मालापासून पक्क्या मालापर्यंतचा प्रक्रिया-आलेख, भागीदारीपत्र किंवा कंपनीची नोंदणी कागदपत्रं, उद्यम नोंदणी, आणि सांडपाणी व धुरावर काय उपाय करणार त्याचा तपशील. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचं प्रमाणपत्र लागतं. त्यात जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री घसारा न वजा करता दाखवायची. ताळेबंदातला आकडा एक आणि सीएच्या प्रमाणपत्रातला दुसरा असेल तर क्वेरी, म्हणजे मंडळाकडून खुलाशाची मागणी, निघणार हे धरूनच चाला.

आता ज्या रकान्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, तो म्हणजे पाण्याचा हिशेब. इथे "निरंक" लिहायचा मोह होतो, कारण डाळमिलला पाणी ते किती लागणार? पण 30 कामगार असतील आणि माणशी दिवसाला 45 लिटर धरलं, तर 1350 लिटर, म्हणजे 1.35 घनमीटर पाणी रोज लागतं. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, 1.08 घनमीटर. ते सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जातं की आणखी कुठे, हे लिहावंच लागतं. तूर भरडण्याआधी ओलावण्यासाठी पाणी लागत असेल तर ते वेगळं दाखवा. आपल्याकडे हे पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं, तेही खरंखुरं लिहा. बोअर असेल तर भूजलाच्या परवानगीचं स्वतंत्रपणे तपासून घ्या. डाळमिलचा खरा त्रास धुळीचा. धूळ पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर कोणत्या मशीनवर बसणार, हे मांडणीच्या आराखड्यात दिसलं पाहिजे. उत्पादनक्षमताही शुल्क वाचावं म्हणून कमी दाखवू नये. संमतीपत्रावर तोच आकडा छापून येतो आणि हंगामात वीजबिल त्याला खोटं पाडतं.

अर्जानंतर अधिकारी जागा पाहायला येतात. जल कायद्यानुसार सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती दिली असं मानलं जातं. याच्या भरवशावर कुणीही यंत्र सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. एक तर क्वेरीचं उत्तर बाकी असेल तर अर्ज पूर्ण धरला जात नाही. दुसरं म्हणजे वायू कायद्यातही निर्णयाला चार महिने दिलेत, पण अशी मानीव संमती तिथे नाही. पाण्याची संमती मिळाली असं मानलं, तरी बॉयलरच्या धुराचं काय?

विनासंमती चालवलं तर उद्योग बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश मंडळ देऊ शकतं. पर्यावरणाची झालेली हानी भरून काढण्यासाठी मंडळ भरपाईही आकारू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे.

संमतीपत्रावर मुदत छापलेली आहे का ते पाहा. असेल तर नूतनीकरणाचा अर्ज कधी करायचा हे मंडळाकडून तपासून घ्या आणि ती संपण्याच्या पुरेसा आधी करा. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचं. वापरलेलं तेल, रंगाचा गाळ असा घातक कचरा निघत असेल तर 2016 च्या नियमांखाली त्याचं प्राधिकारपत्रही लागतं, आणि त्याचं वार्षिक विवरणपत्र 30 जूनपर्यंत.

संमती नाकारली किंवा न पेलणारी अट घातली, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्यापुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे. मुदत मोजताना आदेश कोणत्या तारखेला मिळाला हे दाखवावं लागतं, म्हणून टपालाचं पाकीट आणि ईमेल दोन्ही फाइलला लावून ठेवा.