फोटो दहा एमबीचा, मग लॅपटॉप का बसतो?

दिवाळीनंतर आमच्या वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यात जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार रंगतो आणि माझा मावसभाऊ त्याचे फोटो काढतो. मागे एका जत्रेनंतर सकाळीच तो लॅपटॉप घेऊन दारात हजर, दशावतारातल्या राजाच्या फोटोवर फोटोशॉप अडकलेलं आणि समोर मेसेज, स्क्रॅच डिस्क फुल. "दादा, डिस्क भरली म्हणता, पन डी ड्राइव्ह तर अर्धो रिकामो आसा!"

आता आधी हिशोब बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, म्हणजे ६००० गुणिले ४०००, २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, एकेक आकडा एका बाइटचा धरला तरी ७२ एमबी झाले. जेपीईजी फाइल दहाएक एमबीची दिसते कारण ती दाबून ठेवलेली असते, उघडली की सगळी पसरते. रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याचा न दाबलेला कच्चा माल, १६ बिटमध्ये (एकेक आकडा दोन बाइटचा) उघडलात तर दुप्पट, १४४ एमबी. भावाने मुकुट वेगळा, चेहरा वेगळा, मागचा पडदा वेगळा असं करत मूळ फोटोच्या ९ कॉप्या एकावर एक ठेवलेल्या (यांनाच लेअर म्हणतात), झाले जवळजवळ १.३ जीबी, आणि अनडू करता यावं म्हणून मागच्या स्टेप्सही सॉफ्टवेअर लक्षात ठेवत असतं त्या वेगळ्याच. रॅम ८ जीबी, त्यात विंडोज आणि ब्राउझरचे वीस टॅब आधीच बसलेले.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा भरला की भांडी माळ्यावर टाकायची आणि लागेल तेव्हा शिडी लावून काढायची, तसं सॉफ्टवेअर उरलेला माल डिस्कवर ठेवतं, तीच स्क्रॅच डिस्क. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर ही शिडी फार हळू चढली जाते, एसएसडीवर (चिपवाली, न फिरणारी डिस्क) बरीच पटकन, पण रॅमची सर तिलाही नाही. आणि भावाची स्क्रॅच डिस्क होती सी ड्राइव्हवर, तिथे जेमतेम ४ जीबी मोकळे! तो बिचारा डी मधले जुने फोटो उडवत बसलेला, काही चांगले फोटो गेले त्यात, मला फार वाईट वाटलं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्क्रॅच डी वर वळवली, फोटोशॉप बंद करून आधीच्या क्रॅशमध्ये मागे राहिलेल्या टेम्प (तात्पुरत्या) फाइल्स काढल्या, हिस्टरी स्टेट्स, म्हणजे अनडूसाठी लक्षात ठेवायच्या स्टेप्स, ५० वरून २० केल्या. गिंप या फुकट फोटो सॉफ्टवेअरमध्येही स्वॅप फोल्डर (तिथली स्क्रॅच डिस्कच) असाच बदलता येतो.

पण दर वेळी दोष रॅमचाच असतो असं नाही हां. विंडोजचा टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवतो) उघडा, मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर वरचंच दुखणं. पहिली दहा मिनिटं छान चालून मग रडायला लागला तर उष्णता बघा, प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवा बंद होते. आपल्याकडे किनाऱ्याला खारी हवा, मीठ ओलावा धरतं आणि पंख्यात धूळ चिकटून बसते, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्याच. फोटो काळा दिसतो, चौकोन चौकोन उमटतात असं असेल तर फोटोशॉपमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद करून बघा, त्याने सुधारलं तर त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायचा. आणि पावसात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, पॉवर वाचवायला बरेच लॅपटॉप तेव्हा मुद्दाम हळू चालतात, त्यामुळे "काल चालत होतं, आज नाही" म्हणण्याआधी चार्जर लागलाय का ते बघा.

भावाने ब्राउझर बंद केला, नको त्या तीन लेअर एकात मिसळल्या आणि फाइल परत उघडली. मुकुटाच्या कडेवरून ब्रश फिरवला तर आता बोटाबरोबर रेघ उमटत होती, चहा होईपर्यंत राजा पूर्ण झाला.